बाहुलीचे मांडवपरतणे

माझी धाकटी मुलगी सात वर्षांची असताना तिने आपल्या बाहुलीचे लग्न केले. गिरगावातल्या आमच्या वाडीत दोन चाळी समोरासमोर आहेत, मध्ये फरसबंदी अंगण आणि विहीर. बाहुली आमची, बाहुला समोरच्या चाळीतला. बाहुल्याची आई, म्हणजे वरमाय, नऊ वर्षांची होती. तिचे वडील एका वकिलाकडे कारकून, आणि स्वभावाने भारी थट्टेखोर. मी कोटातल्या एका पेढीवर हिशेबनीस. थट्टा मला करता येत नाही, आणि दुसऱ्याने केलेली कळते तीही उशिरा.

लग्न मुलींनी ठरवले, पण वाढवले मी. त्यांची मागणी एका पाटाची आणि मूठभर बत्ताशांची होती. मीच म्हणालो, करायचे तर रीतसर करा. पंचांग काढून मुहूर्त पाहिला. वाडीतल्या घरांना द्यायच्या लग्नपत्रिका माझ्या हाताने लिहिल्या. रुखवतासाठी बायकोने बोराएवढे लाडू वळले आणि नखाएवढ्या करंज्या केल्या. बाहुली चिंध्यांची, डोळे काळ्या दोऱ्याचे, नाकात मण्यांची नथ. तिच्यासाठी मी जरीच्या तुकड्याची चौकशी करत भुलेश्वरापर्यंत चालत गेलो. माझ्या मोठ्या मुलाच्या मुंजीत मी इतका वेळ दिला नव्हता, असे बायको म्हणाली. तेव्हा मला त्यात कौतुकच वाटले.

मुलीच्या तोंडी दोन आठवडे दुसरा विषय नव्हता. संध्याकाळी मी कचेरीतून येताना ती वाडीच्या तोंडाशी उभी असे आणि विचारी, "बाबा, आता किती राहिले?" मी तिच्याकडून वजाबाकी करून घेई. उत्तर बरोबर आले की ती उडी मारी, आणि ते रोज एकाने कमी होई म्हणून आणखी एक उडी. मला तो खेळ फार आवडला होता. कधी तिला झोप लागत नसे, तेव्हाही मी तिला सांगत बसे की वरातीला कोण कोण येणार, दिवट्या किती, बुंदी कुठून येणार.

रविवारी अंगणात बायकोची दोन लुगडी बांबूंना बांधून मांडव घातला. पन्नासाच्या वर पाने उठली. माझ्या रुमालाचा अंतरपाट मीच धरला. समोरच्या कारकुनांनी मंगलाष्टके इतक्या चढ्या सुरात म्हटली की विहिरीवरचे कावळे उडाले. दिवेलागणीला बाहुलीला वेताच्या परडीत बसवून वरात निघाली, अंगणाला दोन वळसे घालून समोरच्या चाळीत गेली. विहीणबाईंनी, म्हणजे कारकुनांच्या पत्नीने, उंबऱ्यावर तांदळाचे माप ठेवले आणि बाहुलीच्या पायाने ते लवंडले. सगळे हसले. माझी मुलगी माझ्या खांद्यावर झोपली, तेव्हा तिचे अंग कढत लागत होते.

दुसऱ्या दिवशी ती उठून बाहेर आली तोवर मांडव उतरवून झाला होता. लुगडी धुवायला गेली होती. फरशीवर सांडलेल्या अक्षता चिमण्या टिपत होत्या. मी अंगणात दात घासत होतो.

"बाबा, आज काय आहे?"

"आज सोमवार."

"तसं नाही. आज काय आहे?"

"आज काही नाही."

तिने चिमण्यांपुढच्या चार अक्षता उचलल्या. मग म्हणाली, "बाहुली कधी येणार?"

"येणार म्हणजे? लग्न झालं तिचं. आता ती त्यांची."

"नुसती बघायला?"

"दिलेली मुलगी कुणी परत मागतं का, वेडे?"

हे मी हसत हसत बोललो. दुपारी ती जेवली नाही, हे मला संध्याकाळी कळले. उन्हाने झाले असेल, जागरण झाले होते, असे मी म्हणालो. रात्रीही तिने दोन घास चिवडले आणि उठली. मंगळवारी तेच. चाळीच्या पायरीवर, समोरची खिडकी दिसेल अशा जागी, ती बसून राही. रडत नव्हती. रडली असती तर मला समजूत घालता आली असती, असे मला तेव्हा वाटे.

मी उपाय केले. आधी बाजारातून चिनी मातीची नवी बाहुली आणली, गुलाबी गालांची. मुलीने ती दोन्ही हातांनी घेतली, उलटीसुलटी करून पाहिली आणि फडताळात ठेवली.

"का गं? आवडली नाही?"

"चांगली आहे." मग फडताळ लावता लावता, "पण हिला काही माहीत नाही."

मग तिचे मन गुंतावे म्हणून मी तिला पाढे म्हणायला बसवले. पावकी, निमकी, पाउणकी. तिचे पाढे पक्के होते. पायरीवर बसून, समोरच्या खिडकीकडे तोंड करून तिने निमकी शेवटपर्यंत एकही चूक न करता म्हटली, आणि म्हणताना तिच्या गालांवरून पाणी गळत होते. मी म्हणालो, "शाबास." त्या एका शब्दाने माझे कान अजून तापतात. मूल रडत होते आणि मी उत्तरे तपासत होतो.

त्यावरही न थांबता मी तिला समजावले. गणपती येतात, जातात. दिवाळी येते, जाते. मामाच्या घरून परत यावेच लागते. जगात सगळे समारंभ असेच संपतात आणि शहाणी माणसे कामाला लागतात. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मग करतात कशाला?"

मी म्हणालो, "जा, आईला मदत कर."

बुधवारी कचेरीत ताळा जुळला नाही. साहेबासमोर तासभर उभा राहिलो आणि घामाने निथळत, ट्रामला जागा नाही म्हणून चालत घरी आलो. वाडीत शिरतो तो समोरच्या सज्जातून कारकुनांनी हाक दिली.

"अहो व्याहीबुवा! मुराळी कधी पाठवताय? सूनबाई वाट बघून सुकली!"

लग्न झालेल्या मुलीला माहेरी न्यायला जो येतो तो मुराळी. त्यांनी ते माझ्या बाजूने म्हटले होते. पायरीवर बसलेली माझी मुलगी त्यांना रोज दिसत होती. मला ती थट्टा वाटली. अंगणात पाच-सहा बायका पाणी भरत होत्या. मी मान वर करून म्हणालो, "पोरखेळ रविवारी संपला. निदान मोठ्यांनी तरी आता शहाणपण धरावं. पोरींना घरकाम शिकवा."

सज्जात विहीणबाईही उभ्या होत्या, हे मी पाहिले नव्हते. त्या आत गेल्या आणि खिडकी लागली. मग कारकूनही आत गेले. माझ्या मुलीने गुडघ्यांत तोंड घातले. तिची ती खिडकीही मी बंद करून टाकली होती.

गुरुवारी सकाळी मी पानावर बसलो होतो. बायको वाढत होती. मुलगी आतल्या खोलीत चटईवर पडून होती. आमटी वाढता वाढता बायको म्हणाली, "लग्नात तुम्ही काय गाळलंत, ठाऊक आहे?"

"मी? मी काही गाळलं नाही. वाङ्निश्चयापासून वरातीपर्यंत सगळं केलं."

"आणि मांडवपरतणं?"

मी हातातला घास पानात परत ठेवला.

"लग्न झालं की नवी सून नवऱ्याला घेऊन माहेरच्या मांडवात परत येते. चार दिवस राहते. ते झाल्याशिवाय कुणाचा मांडव उतरवतात का? तुम्ही उजाडायच्या आत उतरवलात."

"अगं, बाहुलीच्या लग्नात—"

"बुंदी मागवताना बाहुलीचं लग्न नव्हतं वाटतं ते?" असे म्हणून तिने भाताचे भांडे खाली ठेवले. एरवी ती माझ्या पानासमोर इतके बोलत नसे. "मी अकरा वर्षांची होते. महिनाभर नुसतं लग्न लग्न, आणि मग तुमच्या घरात डोळे उघडले तर सगळे आपापल्या कामाला. घशाखाली घास उतरेना. सासूबाई म्हणाल्या, रडू नकोस, परवा तुझ्या माहेरचं माणूस येतंय. त्या परवावर मी जेवले. तुम्ही पोरीला परवाच ठेवला नाहीत."

त्या वेळी मी त्याच घरात होतो. एकोणीस वर्षांचा होतो, परीक्षेचा अभ्यास करत होतो. आमच्या लग्नानंतर बायको जेवत नव्हती हे मला त्या गुरुवारी कळले. इतक्या वर्षांत मी विचारले नव्हते आणि तिने सांगितले नव्हते.

"मग आता काय करायचं?" मी विचारले.

"मुराळी जायला हवा."

"थोरला येईल शाळेतून, त्याला पाठव."

"त्यांच्या दारात तो बोलला होता का?"

मी हात धुतले आणि कचेरीत गेलो. दिवसभर आकडे लिहिले. मधूनमधून मनात येई की एखादी चिठ्ठी पाठवावी, किंवा रविवारपर्यंत थांबावे, तोवर सगळे आपोआप विसरले जाईल. मुलगीही विसरेल. हे शेवटचे मनात आले आणि माझीच मला लाज वाटली. आजपर्यंत मी तिच्या शहाणपणावर बोलत होतो, आणि आता तिच्या विसरण्यावर भिस्त ठेवत होतो.

घरी आलो, तोंड धुतले, धुतलेला अंगरखा घातला, पागोटे पुन्हा बांधले, उपरणे घेतले. बायकोने साखरेचा पुडा हातात दिला. म्हणाली, "तिला काही सांगितलं नाही. त्यांनी नाही म्हटलं तर उगाच पुन्हा आशा नको." मुलगी पायरीवर होती. तिच्याजवळून मी खाली उतरलो. तिने पाय आखडून मला वाट दिली, वर पाहिले नाही.

अंगण ओलांडायला कितीसा वेळ लागतो! विहिरीवर त्याच बायका होत्या. त्यांतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी विचारले, "एवढं पागोटं घालून कुठं स्वारी?"

खोटे बोलणे मला जमत नाही. "मुराळी म्हणून चाललोय," मी म्हणालो.

एकीचा पोहरा हातातून सुटला. माझ्या पाठीमागे हसणे फुटले ते मी जिना चढेपर्यंत ऐकू येत होते. जिन्यात अंधार होता, तो मला बरा वाटला.

कारकून चटईवर वर्तमानपत्र वाचत बसले होते. मला पाहून उठले, पाट मांडला, पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. रीत सगळी केली, पण हसले नाहीत. मी पुडा मांडीवर घेऊन बसलो.

आतल्या दाराआडून विहीणबाईंचा आवाज आला. "विचारा त्यांना, काही हिशेब राहिला का आमच्याकडं?"

"हिशेब नाही," मी दाराकडे न बघता म्हणालो. "मी काल बोललो ते चुकलो. तुम्ही आपलेपणानं विचारलंत आणि मी चारचौघांत तोडून बोललो."

"त्यांना म्हणावं, पोरखेळ रविवारी संपलाय. आम्ही शहाणपण धरलंय."

कारकून खाली बघत होते. मी पुन्हा म्हणालो, "चुकलो." दुसऱ्यांदा तो शब्द अधिक जड गेला. "मी बाहुलीला न्यायला आलोय. मांडवपरतण्याला."

आता कारकुनांच्या ओठांचे कोपरे हलले. "ते मला सांगून काय उपयोग? सून माझी नाही. वरमाईला विचारा." आणि आत हाक मारली, "अगं ए, बाहेर ये. तुझ्याकडे पाव्हणे आलेत."

त्यांची मुलगी बाहेर आली. परकराचा ओचा हातात धरून भिंतीला टेकून उभी राहिली. तिचेही डोळे मला बरे दिसले नाहीत.

"काय काम आहे?" तिने विचारले.

"बाहुलीला चार दिवस माहेरी पाठवता का?"

"तुम्ही पोरखेळ म्हणालात."

"म्हणालो."

"मग?"

"मग तिच्या आईला चैन पडेना."

"मला तरी कुठं पडतंय?" ती एकदम म्हणाली. "ही दोघं नुसती बसून असतात. ती कुणाशी बोलणार? मी तरी कुणाशी बोलणार? कुणी येतच नाही." मग माझ्या पागोट्याकडे आणि पुड्याकडे नीट पाहून तिने विचारले, "काका, तुम्ही थट्टा करताय का?"

कारकून मोठ्याने हसले. "त्यांना कुठली येते थट्टा!"

"नाही," मी म्हणालो, "मी खरंच आलोय."

तिने बोटांवर दिवस मोजले.

"चार नाही. तीन दिवस."

"चार द्या," मी म्हणालो.

"बरं. पण जावई पण येणार. पहिल्या खेपेला एकटी सून धाडत नाहीत. आणि मी पोचवायला येणार."

"या."

"आणि न विसरता आणून द्यायची."

"नाही विसरणार."

"विचारून घे गं," दाराआडून आवाज आला, "जावयाला जेवायला काय घालणार? आमच्या बाहुल्याला लग्नात बुंदी वाढली, तशी नुसती नको. घट्ट होती." आणि त्यावर त्या आतल्या आत हसल्याचे मला ऐकू आले. मी साखरेचा पुडा पाटावर ठेवला. मला पाणी प्यायचे भानही तेव्हा आले.

परत येताना परडी माझ्या हातात होती, आत दोन्ही बाहुल्या, बाजूला वरमाय. बायका पोहरे सोडून बघत राहिल्या. माझी मुलगी पायरीवर उभी राहिली होती. धावत येईल असे मला वाटले होते. ती आली नाही. मी परडी पुढे केली तेव्हा तिने ती घेतली, पायरीवर ठेवली, बाहुलीची नथ सरळ केली, जरीचा पदर नीट केला, तिचे पोट चाचपून पाहिले. माझ्याकडे तिने नजर टाकली नाही. बाहुलीला विचारले, "कोण आलं होतं गं न्यायला? आजोबा? ओरडले का तुला?"

वरमाईने बारीक आवाज काढून बाहुलीच्या वतीने उत्तर दिले, "नाही ओरडले. चुकले म्हणाले."

"किती वेळा?"

"दोन वेळा."

त्यावर माझ्या मुलीने वर पाहिले. ते पाहणे काही लगेच माफ करण्यातले नव्हते. हे खरे का, एवढेच ती पाहत होती. मी मान हलवली. दारात उभ्या असलेल्या बायकोने तोंड आत वळवले.

त्या संध्याकाळी मुलीने भात मागून घेतला, आणि बाहुल्याच्या नावाने आणखी एकदा घेतला.

बायकोने तिला पहिल्याच दिवशी सांगून ठेवले की पाहुणे सोमवारी जाणार आणि पुढे नागपंचमीला बाहुलीला पुन्हा आणायचे. शुक्रवारी दोघी मुलींनी पायरी सोडली नाही. शनिवारी जावयासाठी शिरा झाला. रविवारी खेळ थोडा कमी झाला. दोघी विहिरीपाशी दुसऱ्या मुलींत सागरगोटे खेळायला गेल्या आणि बाहुल्या परडीत पडून होत्या. मी ते सज्जातून पाहिले आणि काही बोललो नाही. सोमवारी सकाळी मुलीने आपणहून बाहुलीची घडी केलेली लुगडी परडीच्या तळाशी घातली. मला विचारले, "नागपंचमीला किती राहिले?" मी बोटे उघडली तर म्हणाली, "तुम्ही नका सांगू. मी करते."

मी साहेबाची परवानगी काढून कचेरीतून लवकर निघालो. घरी आलो तेव्हा बायको बाहुलीची ओटी भरत होती: चार तांदूळ, एक सुपारी. मुलीचे डोळे भरून आले आणि ती हुंदक्यांनी रडली. मी पुढे झालो, तोंड उघडले, आणि बायकोने माझ्याकडे पाहिले. मी मागे सरलो. रडणे थोडा वेळ चालले. मग तिने परकराने नाक पुसले आणि परडी उचलली.

"बाबा, तुम्ही पण चला पोचवायला," ती म्हणाली. "शिदोरी तुम्ही घ्या. पण बोलू नका."

"नाही बोलणार."

"कुणी काही म्हणालं तरी."

मी पागोटे चढवले आणि करंज्यांची पुरचुंडी घेऊन तिच्यामागून जिना उतरलो. अंगणात ऊन कलले होते. विहिरीवर गर्दी होती आणि सगळ्यांनी वाट दिली. समोरच्या सज्जात कारकून कठड्यावर कोपरे टेकून आमची वाटच पाहत होते.

"काय व्याहीबुवा, आज मुकाट्यानंच? पागोट्यात जीभ विसरलात वाटतं!"

बायका हसल्या. उत्तर माझ्या अगदी तोंडाशी आले. मुलीने चालता चालता मान वळवून माझ्याकडे पाहिले. मी नजर फरशीवर ठेवली, पुरचुंडी छातीशी धरली आणि तिच्यामागून चालत राहिलो.